ध्वनिमुद्रिका हें इतिहाससाधन : कर्जत-खालापुराकडील एक विचार

(१)

इतिहाससाधन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें रुमाल, दप्तरें, ताम्रपट, शिलालेख, नाणीं आणि पोथ्या एवढ्याच वस्तु उभ्या राहतात. एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर मोडी कागदांचें गांठोडें आहे असें कळलें तर आपण दहा कोस चालून जाऊं. परंतु त्याच माळ्यावर, त्याच गांठोड्याशेजारीं, काळ्या लाखेच्या तबकड्यांची थप्पी असली तर तिच्यावरील धूळ झाडण्याचेहि श्रम आपण घेत नाहीं. ती करमणुकीची जिन्नस, तिचा इतिहासाशीं काय संबंध, अशी आपली समजूत असते. ही समजूत टाकून द्यावी असें सुचविण्यासाठीं हा लेख आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ध्वनिमुद्रिका ही एक प्रकारची हस्तलिखित प्रतच होय. तिला पाठ आहे, पुष्पिका आहे, लेखकदोष आहेत; आणि पोथीचें जें शोधन आपण करितों तें केल्यावांचून ध्वनिमुद्रिकेवरून कोणत्याहि गायकाविषयीं मत देणें हें धाडस होय.

आम्ही पेशानें शिक्षक, आणि विषय संस्कृत. गाणें आम्हांस येत नाहीं. ऐकण्याचा नाद मात्र जुना आहे. तेव्हां पुढील विवेचन गवयाचें नसून पोथ्या चाळण्याची संवय असलेल्या एका श्रोत्याचें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

(२)

शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयानें झाला. त्याच्या प्रकीर्णकाध्यायांत गायकांचे गुण, गायकांचे दोष, गमकांचे पंधरा प्रकार आणि आवाजाचे चार भेद सांगितले आहेत. खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक हे ते चार भेद. शास्त्रकारानें लक्षणें बांधण्यांत कसूर केलेली नाहीं. तथापि सिंघणाच्या सभेंत नाराट आवाजाचा गायक गाऊं लागला म्हणजे काय ऐकूं येत असे, हें आज कोणासहि सांगतां येणार नाहीं. लक्षण शिल्लक आहे, लक्ष्य गेलें आहे. सातशें वर्षांच्या मराठी मुलुखाच्या संगीताविषयीं आपली स्थिति अशीच आहे. नांवें आहेत, बिरुदें आहेत, इनामांच्या सनदा आहेत, परंतु आवाज नाहीं.

ही स्थिति विसाव्या शतकाच्या आरंभीं पालटली. नोव्हेंबर १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानांतील गायिकांचे आवाज त्यानें मेणाच्या जाड तबकड्यांवर उतरून घेतले. गौहर जान ही त्यांतील सर्वांत नांवाजलेली. तेव्हांपासून लक्ष्य आणि लक्षण हीं दोन्हीं आपल्यापाशीं आहेत. शार्ङ्गदेवाच्या टीकाकारांस जें कधींच मिळालें नाहीं, तें आपल्या माळ्यावर पडून आहे.

(३)

कर्जत व खालापूर हे तालुके पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड, जिल्ह्यांतील घाटपायथ्याचे. येथें कोणतेंहि गायकीचें घराणें उदयास आल्याची प्रसिद्धि नाहीं. मग या विषयाशीं या भागाचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध आहे तो वाटेचा. १८५६ सालीं पळसदरीवरून खोपोलीपर्यंत लोहमार्ग आला. तेथें उतरून उतारू पालखींतून अगर पायीं बोरघाट चढत. १८६३ सालीं घाटांतील मार्ग खुला झाला आणि मुंबई व पुणें हीं एका रुळानें जोडलीं गेलीं. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें शाकुंतल पुण्यास रंगभूमीवर आलें. पुढील पन्नास वर्षें नाटक मंडळ्या, त्यांचे पडदे, पेट्या व गवई मुंबई-पुण्यांत ये-जा करीत राहिले, ते याच वाटेनें. आणि घाट चढण्यापूर्वीं मागें इंजिन जोडण्यासाठीं गाडी कर्जतास थांबे. मुंबईच्या बाजारांतील वस्तु या भागांत लौकर उतरावी हें त्यामुळें स्वाभाविक होतें.

दुसरी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. टाटांचें जलविद्युत्केंद्र खोपोलीस १९१५ सालीं व भिवपुरीस १९२२ सालीं सुरू झालें. वळवण, शिरवता, लोणावळें येथील तलावांचें पाणी घाटावरून नळांनीं खोपोलीस येई व त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांस जाई. पण केंद्राच्या आसपासच्या खेड्यापाड्यांत मात्र कंदीलच मिणमिणत असत. अशा घरांत ग्रामोफोन चालला याचें कारण त्यास वीज लागत नसे. चावी फिरविली, सुई बदलली, कीं कर्ण्यांतून गाणें बाहेर पडे. आमच्या पाहण्यांत या भागांतील ज्या थप्प्या आल्या त्यांत नाट्यपदें सर्वांत अधिक, त्यांखालोखाल भजनें, आणि खयाल थोडे. ज्या घरांतून बालगंधर्वांचा प्रयोग पाहण्यास कोणी मुंबईस गेलें नसेल, त्या घरानें त्यांचें पद पाठ केलें तें तबकडीवरून. लोकांची अभिरुचि कशी घडली याचा हा पुरावा कोणत्याहि बखरींत सांपडावयाचा नाहीं.

(४)

आतां तबकडीच्या रचनेकडे वळूं. चपडा लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाची ती बनविलेली असते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें व बारा इंचीस सुमारें साडेचार मिनिटें गाणें मावतें. तिजवर दोन क्रमांक असतात. पहिला मधल्या कागदी चिठ्ठीवर छापलेला, तो विक्रीच्या यादीचा. दुसरा चिठ्ठीलगतच्या गुळगुळीत पट्ट्यावर, लाखेंतच उमटलेला. तो मूळ मेणतबकडीचा. संग्राहक बहुधा पहिलाच टिपून घेतात. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीनें दुसराच महत्त्वाचा. एकाच विक्रीक्रमांकाखालीं, मूळ साचा झिजल्यामुळें, त्याच गायकानें पुन्हां गाइलेलें तेंच पद निघूं शकतें. चिठ्ठी एक, गाणें वेगळें. मूळ-क्रमांक पाहिल्यावांचून हा पाठभेद कळत नाहीं. तसेंच लागोपाठचे मूळ-क्रमांक म्हणजे बहुधा एकाच बैठकींतील गाणीं. एका लेखकाच्या हातचीं पानें ओळखावीं तशीं तीं ओळखतां येतात.

तिसरी खूण पुष्पिकेची. पोथीच्या अखेरीस लेखक आपलें नांव, गांव व शक घालतो. आरंभींच्या कित्येक तबकड्यांच्या अखेरीस गायिका अगर गायक आपलें नांव मोठ्यानें उच्चारतो. गौहर जान तर तें इंग्रजींत सांगते. याचें कारण असें देतात कीं, त्या काळीं मेणाचे नमुने जर्मनींतील हॅनोव्हर येथें छापण्यासाठीं जात, आणि तेथील कारागिरांस गाण्याची भाषा ठाऊक नसल्यामुळें कोणती तबकडी कोणाची हें या उच्चारावरून ठरवावें लागे. १९०८ सालीं कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाल्यावर ही अडचण दूर झाली आणि पुढें ही चालहि मागें पडली. म्हणजे नुसता नांवाचा उच्चार आहे कीं नाहीं, एवढ्यावरूनहि तबकडीच्या काळाविषयीं कांहीं अनुमान बांधतां येतें.

आज जुन्या तबकड्यांच्या संगणकीय प्रती सर्वत्र फिरत आहेत, व त्यामुळें दुर्मिळ गाणें घरबसल्या ऐकावयास मिळतें, ही गोष्ट आनंदाचीच. परंतु पुष्कळ प्रतींत गाणें संपतांच ध्वनि कापलेला असतो व अखेरचा तो उच्चार गाळलेला असतो. कारण तो गाण्याचा भाग नव्हे अशी प्रत करणाराची समजूत. पोथीचें शेवटचें पान फाडून टाकून बाकीची पोथी जपण्यासारखाच हा प्रकार आहे.

(५)

सर्वांत मोठा लेखकदोष गतीचा. या तबकड्यांस अठ्ठ्याहत्तरी म्हणतात, कारण त्या मिनिटास ७८ फेरे घेतात असें मानलें जातें. आरंभींच्या काळांत मात्र ही गति सर्वत्र एक नव्हती. कोणाची ७४ च्या आसपास, कोणाची ८० च्या. आतां हिशेब पाहावा. जी तबकडी मूळ सुमारें ७३.६ फेऱ्यांनीं कोरली गेली ती ७८ फेऱ्यांनीं वाजविली, तर प्रत्येक स्वर बरोबर अर्ध्या स्वराइतका चढतो. काळी दोनमध्यें गाणारा गवई पांढरी तीनमध्यें ऐकूं येतो. त्याबरोबर लय सहा टक्क्यांनीं वाढते आणि आवाजाचा पोतहि बदलतो. भारदस्त आवाज किरटा होतो, सावकाश घेतलेली तान चपळ वाटते. मग रसिक म्हणतात, "काय ही तयारी!" आणि दुसरे म्हणतात, "आवाज पातळ होता." दोघेहि बोलतात तें गवयाविषयीं नसून यंत्राच्या चावीविषयीं.

मूळ गति ठरविण्यास उपाय आहेत. साथीस पेटी असल्यास तिच्या स्वरावरून एक मर्यादा मिळते. पेट्यांची जुळणी जागोजाग थोडी वेगळी असे, म्हणून हा पुरावा काटेकोर नव्हे, पण निरुपयोगीहि नव्हे. लागोपाठच्या मूळ-क्रमांकांचीं गाणीं शेजारीं ठेवून त्यांचे षड्ज मिळतात कीं नाहीं हें पाहावें. आणि वर सांगितलेला नांवाचा उच्चार पुन्हां उपयोगी पडतो; कारण गातांना मनुष्य कोणत्या पट्टींत गाईल हें सांगतां येत नसलें तरी बोलतांना त्याचा आवाज अस्वाभाविक झाला तर कान तत्काळ ओळखतो. पुष्पिका कापणारानें गतिनिर्णयाचा एक साक्षीदारच नाहींसा केला, असें आम्ही म्हणतों तें यासाठीं.

गतीची चूक सारखी असेल तर सर्व स्वर एकाच प्रमाणांत सरकतात, स्वरांतरें बिघडत नाहींत. परंतु मधलें छिद्र झिजून किंवा मुळांतच कडेला सरकलें असेल तर तसें राहत नाहीं. मध्यापासून ६० मिलिमीटरांवरील रेषेवर छिद्र एकच मिलिमीटर सरकलें असतां स्वर सुमारें १.७ टक्के वर व तितकाच खालीं हेलकावतो. आणि ७८ फेऱ्यांच्या हिशेबानें हा हेलकावा दर पाऊण सेकंदास फिरून येतो. आतां आधुनिक पंडित जिला प्रमाणश्रुति म्हणतात तिचें प्रमाण ८१ : ८० असें आहे, म्हणजे सव्वा टक्का. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्यावरून श्रुतींचा पडताळा पाहिला. तो प्रत्यक्ष गायनावर आधारलेला होता. तेंच काम आज कोणी जुन्या तबकडीवर करूं गेला आणि छिद्र तपासलें नाहीं, तर तो श्रुतींचें मोजमाप न करितां छिद्राचें मोजमाप करील. आणि दरबारीच्या गांधाराचें आंदोलन म्हणून ज्याची वाखाणणी करील तें कदाचित् लाखेचें आंदोलन असेल.

(६)

पाठशोधन केल्यानें आवडत्या गायकाची गोडी कमी होते, असा एक आक्षेप रसिक मंडळी घेतात. आमचा अनुभव याच्या उलट आहे. अब्दुल करीम खांसाहेबांचेंच उदाहरण घेऊं. त्यांचा जन्म १८७२ सालीं कैराना येथें झाला व मृत्यु ऑक्टोबर १९३७ मध्यें मद्रासकडील प्रवासांत. त्यांच्या गाण्याचे मुद्रणाचे दोन थर आहेत. पहिला १९०५ सालचा, ग्रामोफोन कंपनीचा, ऐन तिशींतील. दुसरा १९३४ ते १९३६ मधील, ओडियन कंपनीचा, साठी उलटल्यानंतरचा. दुसऱ्या थरांतील झिंझोटीची व भैरवीची ठुमरी महाराष्ट्रांत घरोघर पोहोंचली, आणि आपण खांसाहेबांचा आवाज म्हणून जो ओळखतों तो याच थरांतला.

दोन्हीं थर एकापाठोपाठ ऐकिले तर मोठा भेद दिसतो. पण तो सगळा भेद माणसांतला नव्हे. पहिल्या वेळीं गायकास मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं गावें लागे. कर्णा खालचे स्वर व अगदीं वरचे सूक्ष्म नाद पकडीत नसे, तंबोरा जवळजवळ बुडून जाई, आणि गायकास जोर लावावा लागे. १९२५ नंतर विद्युद्ध्वनिग्राहक आला. त्याच्यापुढें हळुवार स्वरहि टिकूं लागला आणि तंबोऱ्याची आंस ऐकूं येऊं लागली. तेव्हां दोन थरांतील अंतराचे तीन वांटे करावे लागतात. एक वयाचा, एक यंत्राचा, आणि उरलेला तो कलावंताच्या वाढीचा. पहिले दोन वजा केल्याशिवाय तिसरा हातीं येत नाहीं. आणि तो हातीं आला म्हणजे तीस वर्षांत एका माणसानें काय टाकलें व काय ठेवलें हें कळून जो आनंद होतो, तो नुसत्या माना डोलविण्यानें होत नाहीं.

नांवाच्या बाबतींतहि सावधगिरी पाहिजे. गंगूबाई हनगल यांच्या १९३० नंतरच्या दशकांतील आरंभींच्या तबकड्या गांधारी हुबळीकर या नांवानें निघाल्या. त्या तबकड्यांतील आवाज उंच व बारीक आहे. पुढें घशावर उपचार झाल्यानंतर त्यांचा आवाज खोल, जवळजवळ पुरुषी, झाला व तोच सर्वांच्या कानांत बसला. चिठ्ठीवरचें नांव वेगळें, आवाज वेगळा. अशा स्थितींत केवळ कानावर विसंबून राहणारा संग्राहक ही तबकडी दुसऱ्या कोणाची म्हणून बाजूस ठेवील. एकच ग्रंथकार दोन नांवांनीं लिहितो व उतारवयांत त्याची शैली पालटते, तेव्हां आपण जो बाह्य पुरावा शोधतों, तोच येथेंहि शोधला पाहिजे.

(७)

जे ग्रंथ नष्ट झाले त्यांचें काय करितों? टीकाकारांनीं घेतलेल्या उताऱ्यांवरून त्यांचा अंदाज बांधतों. संगीतांतहि असे नष्टग्रंथ आहेत. भास्करबुवा बखले यांनीं १९११ सालीं पुण्यास भारत गायन समाज स्थापिला आणि १९२२ सालीं ते निवर्तले. त्यांच्या मैफलींच्या आठवणी पुष्कळांनीं लिहिल्या आहेत, पण त्यांच्या गाण्याची एकहि तबकडी उपलब्ध नाहीं. अल्लादिया खांसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. मुंबईंत ध्वनिमुद्रणाचा धंदा भरभराटीस आलेला असतां त्यांचेंहि गाणें तबकडीवर निघालें नाहीं.

तथापि १९१६ सालीं रंगभूमीवर आलेल्या स्वयंवर नाटकाच्या पदांच्या चाली भास्करबुवांच्या आहेत, आणि तीं पदें त्यांचे शिष्य बालगंधर्व यांच्या आवाजांत तबकड्यांवर आहेत. अल्लादिया खांसाहेबांची पेचदार गायकी केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्या ध्वनिमुद्रणांत आहे. हे उतारे आहेत, मूळ ग्रंथ नव्हेत. शिष्याचा स्वभाव त्यांत मिसळलेला असणारच. बालगंधर्वांच्या एखाद्या पदांत गुरूची चाल किती व स्वतःची जागा किती, हें ठरविण्यास त्याच पदाचीं निरनिराळ्या वर्षांचीं मुद्रणें जवळ ठेवून ताडून पाहावीं लागतील. जें सर्व मुद्रणांत स्थिर आहे तें बहुधा चालीचें. जें दर खेपेस पालटतें तें गायकाचें. म्हणूनच "हें पद आमच्याकडे एकदां आहे, दुसरी प्रत कशाला?" असें म्हणून संग्राहक दुसरी तबकडी टाकून देतो तेव्हां तो एक साधन गमावतो. पोथ्यांच्या बाबतींत असें कोणी म्हणत नाहीं.

(८)

आतां रक्षणाचा विचार. पोथ्यांच्या अखेरीस लेखक पाण्यापासून, तेलापासून व सैल बंधनापासून पोथी राखण्याची विनवणी करितो, हें सर्वांस ठाऊक आहे. तीं तिन्हीं भयें तबकडीसहि आहेत. या भागांत वर्षाकाठीं सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. लाख पाण्यानें लगेच नासत नाहीं. परंतु कागदी पाकिटें ओल धरतात, बुरशी चिठ्ठीवर चढते, आणि चिठ्ठी गेली कीं गायकाचें नांव, रागाचें नांव व विक्रीक्रमांक हीं एकदम जातात. तेलकट बोटांनीं रेषांत धूळ बसते. आणि आडव्या, तिरप्या रचलेल्या थप्पींत उन्हाळ्याच्या उष्म्यानें तबकडी वांकते. वांकलेली सरळ करूं जावें तर तडकते. स्पिरिटानें पुसण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा, कारण लाख त्यांत विरघळते. तबकड्या उभ्या, कोरड्या जागीं व नव्या कागदांत ठेवाव्या. जुनें पाकीट फेकूं नये, कारण दुकानाचा शिक्का त्यावरच असतो, आणि तबकडी कोणत्या पेठेंतून या घाटाखालीं उतरली हें त्या शिक्क्यावरूनच कळतें.

नोंदीविषयीं आमची सूचना अशी आहे. आपले सभासद गांवोगांव दप्तरें पाहण्यास जातात, त्यांनीं तबकड्यांचीहि यादी करावी. प्रत्येकीपुढें चिठ्ठीवरील संपूर्ण मजकूर, विक्रीक्रमांक, लाखेंतील मूळ-क्रमांक, इंच, अखेरचा उच्चार आहे कीं नाहीं, छिद्राची स्थिति, आणि कोणत्या गांवीं सांपडली, एवढीं सदरें पुरेत. प्रत करावयाची झाल्यास आरंभींच्या खरखरीपासून अखेरच्या खरखरीपर्यंत सबंध करावी, मूळ प्रत न सुधारतां ठेवावी, आणि ऐकण्यासाठीं शुद्ध केलेली प्रत निराळी करून तिजवर वाजविण्याची गति लिहावी. या दिशेनें काम झालेलें नाहीं असें नाहीं. १९९० सालीं मुंबईंत भारतीय ध्वनिमुद्रिकासंग्राहकांची संस्था स्थापन झाली, आणि मायकेल किनिअर यांनीं १९०८ पर्यंतच्या ग्रामोफोन कंपनीच्या हिंदुस्थानी मुद्रणांची सूचि १९९४ सालीं प्रसिद्ध केली. परंतु सूचि ही कंपनीच्या दप्तरावरून होते; कोणती तबकडी कोणत्या खेड्यांत ऐकिली गेली हें कंपनीच्या दप्तरांत नसतें. तें काम स्थानिक संशोधकांचें आहे.

आज हें लिहिण्याचें निकडीचें कारणहि सांगतों. कर्जत-खालापुरांत जुनीं घरें पाडून नवीं उभीं राहत आहेत. घर पाडतांना तांब्या-पितळेचीं भांडीं विकलीं जातात, मोडी कागद क्वचित् कोणी आपल्यापर्यंत पोहोंचवितो, आणि तबकड्या डबरांत जातात. भंगारवाल्यालाहि त्यांची किंमत नाहीं. ज्या मंडळींनीं लहानपणीं त्या तबकड्या ऐकिल्या, व कोणती केव्हां आणिली आणि कोणास ती आवडे हें जीं सांगूं शकतात, तीं आतां ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांची साक्ष आणि तबकडी हीं दोन्हीं एकाच वेळीं मिळण्याचा काळ थोडाच उरला आहे. येत्या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक सभासदानें आपल्या गांवच्या दोन घरांची तरी यादी करून मंडळाकडे पाठवावी. आमच्या भागांतील यादी करण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें असून ती पूर्ण होतांच पुढील एखाद्या अंकांत सादर करूं.